बीटल १३०० (१९६६) आणि गोल्फ टू (१९८६): आठ महिने चालवल्यावर

मार्च ते ऑक्टोबर फोक्सवॅगनच्या या दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या; गोल्फ टू म्हणजे गोल्फची दुसरी पिढी. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो, फोक्सवॅगनचं गाव वोल्फ्सबुर्ग इथून अर्ध्या तासावर. तिशी उलटलेल्या गाड्यांना जर्मनीत मिळते ती 'एच' नंबरप्लेट दोघींनाही आहे.

वयात वीसच वर्षांचं अंतर, पण चालवताना ते पन्नासचं वाटतं. बीटलचा आराखडा १९३०च्या दशकातला: इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारं. १९७४ला आलेल्या गोल्फने सगळंच उलटं केलं. इंजिन पुढे आडवं, रेडिएटर, ताकद पुढच्या चाकांना, मागे वर उघडणारं दार. आजची हॅचबॅक अजून याच मांडणीवर आहे.

बीटलला ४० हॉर्सपॉवर पुरतात, घाई नसेल तर. ताशी शंभरला बाजूचा वारा लागला की पुढचं टोक सरकतं. हार्ट्झच्या घाटात वळणाआधीच गिअर खाली घ्यायचा. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडू पाहतं. चारही ब्रेक ड्रमचे, पाय जोरात लावावा लागतो. दिवे ६ व्होल्टचे, म्हणून अंधारायच्या आत घरी येतो.

डायनॅमो आणि इंजिन थंड ठेवणारा पंखा एकाच बेल्टवर फिरतात. जूनमध्ये डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, तिथेच थांबलो. बेल्ट तुटला होता. जुना झालेला मीच बदलला नव्हता. पुलीचा एक नट काढून नवा बेल्ट चढवायला वीस मिनिटं लागली. हाताला तेल, पण मन इतकं खूश! काच धुवायचं पाणी हवेच्या दाबावर उडतं, हे तर मला अजून नवल वाटतं.

गोल्फबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि हेच तिचं मोठेपण. चावी फिरवा, निघा. ऑगस्टमध्ये आई-बाबा नाशिकहून आले. विमानतळावरून दोन मोठ्या बॅगांसकट सगळे आरामात आलो. आई म्हणाली, "अरे, ही तर आपल्या गाडीसारखीच आहे की." बीटलच्या पुढच्या डिकीत त्यातली एकही बॅग मावली नसती.

रोज कामावर न्यायची असेल तर गोल्फच घ्या. मी मात्र एकच ठेवायची झाली तर बीटल ठेवीन. बीटल घेताना मागची सीट उचलून बॅटरीखालचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या नक्की तपासा. गंज तिथूनच सुरू होतो.