लीजमधली रेंटर्स इन्शुरन्सची अट: कॉम्प्लेक्सचा प्लॅन घ्यावा की स्वतःची पॉलिसी?

अमेरिकेत आता मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये अपार्टमेंट घ्यायचं म्हटलं की लीजमध्ये (भाडेकरारात) रेंटर्स इन्शुरन्सची, म्हणजे भाडेकरूच्या विम्याची, अट बहुतेक असतेच. ती पूर्ण करायचे दोन रस्ते. एक म्हणजे लीजिंग ऑफिसवाले सांगतात त्या त्यांच्या प्लॅनवर टिक करायचं, भाड्याबरोबर महिन्याला दहा-पंधरा डॉलर जातात आणि विषय संपतो. दुसरा म्हणजे बाहेरून स्वतःची पॉलिसी घ्यायची आणि तिचा पुरावा त्यांच्या पोर्टलवर चढवायचा. मी दोन्ही करून बघितलंय, आधी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहायचो तेव्हा कॉम्प्लेक्सचा प्लॅन आणि नंतर न्यू जर्सीत आल्यावर स्वतःची पॉलिसी. ऑफिसमध्ये नवीन आलेली मराठी मुलं-मुली लीज सही करायच्या वेळी हमखास हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. डिडक्टिबल, प्रीमियम वगैरे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो, कारची पॉलिसी घेतली असेल तर ते सगळं झालेलंच असतं.

पैशाचं आधी उरकून टाकू कारण त्यात फार काही नाही. स्वतःची पॉलिसी साधारण महिन्याला पंधरा-वीस डॉलरच्या आसपास पडते, राज्य, गाव, किती सामान दाखवता यावर थोडं इकडे-तिकडे. कारच्या इन्शुरन्सबरोबर बंडल केली तर तिकडे डिस्काउंट मिळतो आणि मग माझ्या बाबतीत तरी कॉम्प्लेक्सच्या प्लॅनपेक्षा फरक दोन-तीन डॉलरचा राहिला. त्यामुळे स्वस्त कुठलं या प्रश्नावर वेळ घालवण्यात अर्थ नाही असं मला वाटतं.

सोयीच्या बाबतीत मात्र कॉम्प्लेक्सचा प्लॅन सरळ पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. तुम्ही नुकते आलेले असता, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) यायचा असतो, बँकेचं कार्ड पोस्टात अडकलेलं असतं, कंपनीनं दिलेलं हॉटेल दोन दिवसांत सोडायचं असतं आणि इन्शुरन्सचा पुरावा दिल्याशिवाय चाव्या मिळणार नाहीत असं समोरून सांगतात. अशा वेळी एका टिकमध्ये काम होतंय तर माणूस टिक करतोच. रिन्यू करायचं लक्षात ठेवायला नको, पोर्टलचे रिमाइंडर नकोत, रूममेट बदलला तरी डोक्याला ताप नाही.

पण तो प्लॅन नेमका कोणासाठी आहे ते बघा. स्वतःची पॉलिसी, म्हणजे तो एचओ-४ नावाचा प्रकार, त्यात चार गोष्टी येतात: तुमचं सामान, घर राहण्यालायक नसेल तर बाहेर राहायचा खर्च, तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर लायबिलिटी, आणि घरी आलेल्या पाहुण्याला लागलं तर थोडा दवाखान्याचा खर्च. कॉम्प्लेक्सच्या प्लॅनमध्ये बहुतेक वेळा यातला फक्त तिसऱ्याचा एक तुकडा असतो, तोही इतकाच की तुमच्या हातून आग लागली किंवा पाणी वाहिलं आणि बिल्डिंगचं नुकसान झालं तर घरमालकाचे पैसे निघावेत. काही ठिकाणी सामानासाठी थोडी रक्कम जोडलेली असते, पण ती अगदी थोडी. घरमालक हे का करतात ते समजण्यासारखं आहे, तळणीच्या तेलाला आग लागून किचन जळलं आणि भाडेकरूकडे काही नाही तर वसूल कोणाकडून करणार? त्यांच्या जागी मी असतो तर मीही अट घातली असती. प्रश्न अटीचा नाहीच, त्या अटीत तुमच्यासाठी काय उरतं हा आहे.

आता ज्या एका गोष्टीनं माझं ठरलं ती सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये ती भयंकर थंडी पडली होती, लाइट गेले, पाइप गोठून फुटले. आमच्या वरच्या बाजूला पाइप फुटला आणि बेडरूमचं छत आधी फुगलं आणि मग ओल्या पुठ्ठ्यासारखी ड्रायवॉल तुटून गादीवर पडली. क्लोजेटमध्ये बायकोची साड्यांची बॅग होती, त्यात पाणी शिरलं आणि एका साडीचा रंग पैठणीच्या पदरावर उतरला. लीजिंग ऑफिसवाल्यांनी जमेल तसं छत करून दिलं, त्या दिवसांत अख्ख्या शहराचीच तशी अवस्था होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. गादी, लॅपटॉप, कपडे यांचं काय असं विचारल्यावर त्यांनी प्लॅनच्या कंपनीचा नंबर दिला. कंपनीला फोन केला तर त्या बाईंनी अपार्टमेंट नंबर घेतला, बघितलं, आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या की सर, या पॉलिसीत इन्शुअर्ड म्हणजे प्रॉपर्टी आहे, तुम्ही आमचे इन्शुअर्ड नाही, तुम्ही लीजिंग ऑफिसशी बोला. लीजिंग ऑफिस म्हणे आम्ही इन्शुरन्समध्ये पडत नाही, कंपनीशी बोला. परत कंपनी. माझा पॉलिसी नंबर काय विचारलं तर माझ्या नावाचा पॉलिसी नंबरच नव्हता. क्लेम नंबर नाही, अ‍ॅडजस्टर (नुकसान तपासणारा माणूस) नाही, फोन परत करायला कोणी नाही.

मला त्रास झाला तो याचा. दर महिन्याला आपण पैसे भरतोय, भाड्याच्या स्टेटमेंटवर इन्शुरन्स म्हणून ओळ येतेय, आणि गरज पडली तेव्हा पलीकडून कोणी म्हणतं की तुम्ही आमचे कोणी नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते! मास्टर पॉलिसी घरमालकाच्या नावावर असते, आपण तिच्यात फक्त पैसे घालतो. त्यातून पाइप माझ्यामुळे फुटला नव्हता, म्हणजे तो प्लॅन लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच बिल्डिंगमध्ये शेजारच्या कुटुंबाकडे स्वतःची पॉलिसी होती, त्यांना क्लेम नंबर मिळाला, हॉटेलची बिलं ठेवा म्हणून सांगितलं, नंतर सामानाचे पैसे आले, सगळे नाही पण बरेचसे. हे काही मोठं सर्वेक्षण नाही, दोन घरांचा अनुभव आहे, पण मला तेवढा पुरला.

स्वतःच्या पॉलिसीचीही कटकट आहे आणि ती मी लपवणार नाही. पॉलिसी घ्यायला पंधरा-वीस मिनिटं, पण पोर्टलला ती मान्य करून घ्यायला कधीकधी आठवडे. हे पोर्टल बहुतेक कॉम्प्लेक्सचं नसतंच, तिसऱ्याच कोणाकडे दिलेलं असतं, आणि तिथे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. न्यू जर्सीत माझी पॉलिसी पहिल्यांदा परत आली कारण मी कॉम्प्लेक्सचं बोर्डवरचं नाव घातलं होतं आणि लीजवर मालक म्हणून कुठलीतरी एलएलसी, म्हणजे वेगळ्याच नावाची कंपनी, होती. मग पत्ता जुळेना, कारण त्यांना ऑफिसचा नाही तर पोर्टलचा पीओ बॉक्स हवा होता. तेवढ्यात भाड्यात त्यांच्या प्लॅनचा चार्ज आपोआप लागून आला, तो ईमेल करून काढून घ्यावा लागला. म्हणून पॉलिसी घेतानाच लीज शेजारी उघडी ठेवा, मालकाचं नाव जसंच्या तसं उतरवा आणि त्यांना ‘अ‍ॅडिशनल इंटरेस्ट’ किंवा ‘इंटरेस्टेड पार्टी’ म्हणून घाला. त्याचा अर्थ एवढाच की तुमची पॉलिसी बंद पडली तर त्यांना कळवलं जाईल. ‘अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड’ ही वेगळी भानगड आहे, तसं कोणी मागितलं तर आधी एजंटला विचारा. लायबिलिटी किती हवी तेही लीजमध्ये लिहिलेलं असतं, साधारण १ लाख डॉलर असतं. सुरुवातीची तारीख मात्र लीजच्या पहिल्या दिवसाचीच हवी, एक दिवस पुढची असली तरी पोर्टल नाही म्हणतं.

ही कटकट एकदाची आहे, वर्षात एकदा रिन्यूअलला परत थोडी. तिकडची कटकट नेमकी संकटात येते. माझं पारडं इथेच झुकलं.

आपल्या लोकांच्या घरात काही गोष्टी अशा असतात की स्वतःची पॉलिसी घेतली तरी त्या वेगळ्या बघाव्या लागतात. सोनं हे पहिलं. चोरी झाली तर दागिन्यांवर बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते, दीड हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे साधं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या धरल्या तरी ओलांडली. एक तर वेगळं शेड्यूल करून घ्या, म्हणजे दागिन्यांची पॉलिसीत स्वतंत्र नोंद करा, त्याला पावती किंवा अ‍ॅप्रेझल (किमतीचा दाखला) लागतं, नाहीतर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे फर्निचर. भारतात परत जाणाऱ्या एखाद्या जोडप्याच्या मूव्ह-आउट सेलमधून आपण सोफा, डायनिंग टेबल, क्वीन बेड सगळं एकदम उचलतो. पॉलिसी ‘अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू’ची (वापरून घटलेल्या किमतीची) असेल तर त्या आठ वर्षं वापरलेल्या सोफ्याचे हातात काहीच पडत नाही. ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ (तशीच नवी वस्तू घ्यायची किंमत देणारी) घ्या, थोडेच पैसे जास्त लागतात. आणि एका रविवारी मोबाइलवर घरभर फिरून व्हिडिओ काढून ठेवा, कपाटं उघडून, किचनमधला मिक्सर, कुकर, देवघरातली चांदीची भांडी सगळं. क्लेमच्या वेळी यादी द्यावी लागते आणि घरात काय काय होतं ते तेव्हा आठवत नाही.

रूममेट्सनी एक लक्षात घ्या, एकानं पॉलिसी घेतली म्हणजे बाकीचे आत आले असं होत नाही. पॉलिसी ज्याच्या नावावर आहे तो आणि त्याच्या घरातले नातेवाईक, एवढेच. टू बेडरूममध्ये चौघं राहत असाल तर चौघांनी आपापली घ्यावी, पोर्टलही बऱ्याचदा लीजवरच्या प्रत्येकाचा पुरावा मागतं. आई-बाबा भारतातून राहायला आले तर त्यांच्या दवाखान्याशी या पॉलिसीचा काही संबंध नाही, त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स वेगळाच घ्यायचा. पाहुण्यांच्या दवाखान्याचं जे कव्हर असतं ते गणपतीच्या आरतीला आलेला एखादा मित्र पाय घसरून पडला तर अशा प्रसंगासाठी, आणि तेही बेसिक पॉलिसीत हजारेक डॉलरच. सामान मात्र सहसा घराबाहेरही कव्हर होतं, कारमधून लॅपटॉपची बॅग गेली तर ती कारच्या नाही या पॉलिसीत येते, भारतात प्रवासात चोरीला गेली तरी. डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम) ५०० डॉलर ठेवली असेल तर जुन्या लॅपटॉपसाठी क्लेम करण्यात अर्थ नाही, ते तुम्हीच ठरवा.

पुराचं पाणी मात्र यात येत नाही. पाइपचं येतं, नदीनाल्याचं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सी-न्यू यॉर्कवर कोसळला तेव्हा बेसमेंट आणि तळमजल्यावर राहणाऱ्या कितीतरी लोकांचं सगळं गेलं, आणि ते साध्या रेंटर्स पॉलिसीत बसणारं नव्हतं. तुम्ही तळमजला घेत असाल आणि जवळ पाणी असेल तर सरकारी फ्लड प्रोग्राममधून फक्त सामानाची पॉलिसी भाडेकरूलाही मिळते, १ लाख डॉलरपर्यंत. चौकशी करायला काहीच हरकत नाही.

कॉम्प्लेक्सचा प्लॅन कोणाला चालेल? दोन बॅगा, एक एअर मॅट्रेस आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन चार महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलेल्या माणसाला कदाचित चालेल. पण लायबिलिटीचा प्रश्न त्यालाही आहेच. बाल्कनीतून कुंडी पडून खाली कोणाला लागलं तर कॉम्प्लेक्सचा प्लॅन उपयोगाचा नाही, कारण नुकसान बिल्डिंगचं नाही. त्यामुळे मी त्यालाही स्वतःचीच सुचवेन, पण त्यानं नाही घेतली तर वाद घालणार नाही.

काही घरमालक सक्ती करत नाहीत, नुसतं घेतलीत तर बरं म्हणून सांगतात, विशेषतः आपल्यातल्याच कोणाचं टाउनहाउस भाड्यानं घेतलं असेल तर. तिथे आपण हमखास सोडून देतो. पण त्यांचा इन्शुरन्स भिंतींचा असतो, तुमच्या सामानाचा नाही, आणि तुमच्या चुकीमुळे आग लागली तर त्यांची कंपनी त्यांना पैसे देऊन तुमच्या मागे येऊ शकते. १९७५ मध्ये ओक्लाहोमाच्या अपील कोर्टानं भाडेकरूच्या मुलाच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगातून लागलेल्या आगीच्या खटल्यात विमा कंपनीला असं भाडेकरूच्या मागे येता येणार नाही म्हटलं होतं, भाडेकरूही त्या पॉलिसीत धरलेलाच असतो म्हणून. काही राज्यं तो निकाल मानतात, काही लीजमध्ये काय लिहिलंय ते बघतात. त्या भरवशावर राहण्यापेक्षा पंधरा डॉलर बरे. आणि सक्ती असली तरी तिलाही काही ठिकाणी मर्यादा आहेत: ओरेगॉनमध्ये घरमालक १ लाख डॉलर किंवा त्या भागात तशाच घरांसाठी नेहमी मागतात ती रक्कम, यातली जी जास्त तिच्या वर लायबिलिटी मागू शकत नाही आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर अटच घालता येत नाही, व्हर्जिनियात राहायला येण्याआधी मागितलेले डिपॉझिट आणि इन्शुरन्सचे पैसे मिळून दोन महिन्यांच्या भाड्याच्या वर जाऊ शकत नाहीत. तिथे शिकायला आलेल्या मुलांनी हे जरूर बघावं.

आधीच कॉम्प्लेक्सच्या प्लॅनवर टिक केलेलं असेल तर लीज संपायची वाट बघायची सहसा गरज नसते. स्वतःची पॉलिसी घ्या, पोर्टलवर चढवा, ‘अ‍ॅप्रूव्ह्ड’ असं दिसेपर्यंत थांबा, मग लीजिंग ऑफिसला ईमेलवर लेखी कळवा की चार्ज बंद करा, आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट आलं की ती ओळ खरंच गेली का ते बघा, कारण ती आपोआप लागते पण आपोआप जात नाही.