घर मुलांच्या नावे करावे, ट्रस्टमध्ये ठेवावे की विमा घ्यावा? अमेरिकेतील मेडिकेडची पूर्वतयारी

पासष्टीनंतर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळाला की म्हातारपणाच्या शुश्रूषेची सोय झाली, असे अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे धरून चालतात. प्रत्यक्षात रुग्णालयातून बाहेर पडल्यावर लागणाऱ्या कुशल शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर जास्तीत जास्त 100 दिवस देते, आणि 21व्या दिवसापासून त्यातही रुग्णाला रोजचा वाटा भरावा लागतो. आंघोळ, जेवण, उठणे-बसणे यांसाठी वर्षानुवर्षे लागणाऱ्या मदतीचा भार उचलते ते मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न आणि मालमत्ता असलेल्यांसाठीची सरकारी योजना, परंतु त्यासाठी बहुतेक राज्यांत एकट्या अर्जदाराच्या नावावर 2,000 डॉलरपेक्षा अधिक, हिशेबात धरली जाणारी मालमत्ता असून चालत नाही. राहते घर ठरावीक मर्यादेपर्यंत या हिशेबातून वगळले जाते खरे. मात्र 1993 च्या कायद्यानुसार वयाच्या 55 वर्षांनंतर मिळालेल्या या मदतीची वसुली राज्याला मृत्यूनंतर मालमत्तेतून करावी लागते, आणि बहुधा ती घरावरच येते.

सर्वांत सोपा दिसणारा मार्ग म्हणजे घर बक्षीसपत्राने मुलांच्या नावे करणे. कागद एकच आणि खर्च थोडा, पण मला हा मार्ग बहुतेकांसाठी धोक्याचा वाटतो. मुलाचा घटस्फोट झाला, त्याच्यावर दावा लागला किंवा तो कर्जात बुडाला, तर आईवडिलांच्या डोक्यावरचे छप्परही त्या भांडणात ओढले जाते. कराचा फटका वेगळाच. समजा, 90,000 डॉलरला घेतलेले घर आज 6,00,000 डॉलरचे आहे. ते बक्षीस मिळालेल्या मुलाने पुढे विकले, तर नफा मूळ किमतीपासून मोजला जातो. तेच घर वारशाने मिळाले असते, तर मृत्यूच्या वेळची बाजारकिंमत धरली गेली असती आणि जवळपास सारा करपात्र नफा नाहीसा झाला असता.

इर्रिव्होकेबल, म्हणजे नंतर रद्द न करता येणाऱ्या, ट्रस्टमध्ये (विश्वस्तांच्या ताब्यात) घर ठेवल्यास या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी टळतात. दस्तऐवज नीट लिहिला असेल तर आईवडिलांचा राहण्याचा हक्क टिकतो, वारशाची करसवलतही मिळू शकते आणि घर मुलांच्या धनकोंपासून दूर राहते. त्याची किंमत म्हणजे वकिलाची फी आणि मुद्दलावर सोडावा लागणारा हक्क. अडीअडचणीला ट्रस्टमधले मुद्दल काढून घेता येईल अशी सोय दस्तऐवजात ठेवली, तर मेडिकेड ती मालमत्ता अर्जदाराचीच धरते.

काळाच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग सारखेच कठोर आहेत. बहुतेक राज्यांत अर्जाच्या आधीच्या 60 महिन्यांत फुकट किंवा कमी किमतीत दिलेले सर्व काही तपासले जाते. त्या काळात 1,20,000 डॉलर दिले असतील आणि राज्याने शुश्रूषेचा सरासरी मासिक खर्च 12,000 डॉलर ठरवला असेल, तर 10 महिने मदत मिळत नाही. हे महिने रक्कम दिल्या दिवसापासून मोजले जात नाहीत. बाकीची पुंजी संपून माणूस अन्यथा पात्र ठरतो आणि अर्ज करतो, तेव्हापासून मोजले जातात, म्हणजे नेमके हाताशी काही नसताना.

म्हणून साठीच्या आसपास असलेल्या, प्रकृती धडधाकट असलेल्या आणि घराव्यतिरिक्त पाच वर्षे तग धरण्याइतकी बचत असलेल्या जोडप्याने ट्रस्टचा विचार करावा, असे माझे मत आहे. ज्यांना मालमत्तेवरचा ताबा सोडवत नाही, त्यांच्यासाठी राज्याच्या पार्टनरशिप योजनेतील दीर्घकालीन शुश्रूषा विमा अधिक योग्य. अशा पॉलिसीने जितके डॉलर दिले, तितकी मालमत्ता मेडिकेड हिशेबातून वगळते. हप्ते जड असतात आणि आजार जडल्यावर विमा मिळणे कठीण होते, त्यामुळे येथेही दिरंगाई परवडत नाही.

आई किंवा वडील शुश्रूषागृहात जाण्याआधी किमान दोन वर्षे एखाद्या मुलाने त्यांच्याच घरी राहून, त्यांना तेथे जावे लागू नये अशी सेवा केली असेल, तर ते घर त्याला देऊनही मेडिकेडची मदत रोखली जात नाही. हा अपवाद फार थोड्यांना ठाऊक असतो.

मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी विशेष तपासाव्यात. पुण्यातला रिकामा फ्लॅट राहते घर नसल्यामुळे वगळला जात नाही, आणि भाचीच्या लग्नासाठी किंवा धाकट्या भावाला पाठवलेली रक्कमही बक्षीसच धरली जाऊ शकते. वार्षिक बक्षिसावरची करसूट, जी 2025 साली प्रत्येक व्यक्तीमागे 19,000 डॉलर होती, मेडिकेडला लागू होत नाही. त्यामुळे भारतात पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि पाच वर्षांची बँकेची विवरणे आतापासूनच एका फायलीत लावून, मगच आपल्या राज्यातील ज्येष्ठांच्या कायद्याच्या वकिलाची वेळ घ्यावी.