क्योटो की कानाझावा? टोकियोनंतर दोन-तीन रात्रीच उरत असतील तर

जपानचं ठरलंय, टोकियो तर होणारच, पण "जरा जुना जपान पण बघायचाय, देवळं, बागा, चहा, गेइशांच्या गल्ल्या वगैरे" असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. व्हिसा, सिम, सुइका कार्ड हे सगळं तुम्ही बघितलेलं असणार, त्यात जात नाही. प्रश्न एवढाच की टोकियो सोडून ज्या दोन-तीन रात्री उरतात त्या क्योटोला द्यायच्या की कानाझावाला. मी दोन्हीकडे मित्रांबरोबरही राहिलोय आणि आई-बाबांना घेऊनही, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो, बाकी ज्याची त्याची आवड.

आधी अंतराचं बोलू, कारण कानाझावा बहुतेक लोक तिथेच कापतात. टोकियोहून नोझोमी या शिंकानसेनने (म्हणजे बुलेट ट्रेनने) क्योटो सव्वादोन तास, आणि होकुरिकु शिंकानसेनच्या कागायाकी गाडीने कानाझावा साधारण अडीच तास. म्हणजे फरक चहा प्यायला लागेल एवढाच. मार्च २०१५ पर्यंत कानाझावाला शिंकानसेन जातच नव्हती, म्हणून जुन्या लोकांच्या प्लॅनमध्ये टोकियो-क्योटो-ओसाका एवढंच असायचं आणि आपण अजून तोच प्लॅन कॉपी करतोय. कागायाकीला सगळ्या सीट रिझर्व्ह्ड असतात एवढं लक्षात ठेवा, आयत्या वेळी चढू असं करू नका.

आता क्योटो. खरं सांगायचं तर मालाच्या बाबतीत तुलनाच नाही. हजार वर्षांहून जास्त राजधानी होती, जागतिक वारशाच्या यादीत तिथली आणि आसपासची मिळून १७ ठिकाणं आहेत. त्यातली कुठलीही दोन बघितली तरी पैसे वसूल. पण मला विचाराल तर मी त्या यादीत नसलेलं सान्जुसान्गेन्दो सांगेन. क्योटो स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं, बाहेरून नुसता एक लांबलचक लाकडी हॉल, आणि आत १००१ कान्नोनच्या मूर्ती, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. हॉल १२६६ साली पुन्हा बांधलेला, लांबी १२० मीटरच्या आसपास. रांगेच्या पुढे २८ रक्षक देवता उभ्या आहेत आणि त्यात चक्क इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, आणि बासरी वाजवणारा गरुड आहे. आई त्या गरुडापुढून हलायला तयार नव्हती. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळे गप्प बसून बघतात हाही एक फायदाच. असलं काही कानाझावात नाही, हे आधीच मान्य करून टाकतो.

फुशिमी इनारी हे देवस्थान पण तसंच. ते केशरी तोरी, म्हणजे देवळाच्या कमानीसारखे, दरवाजे चोवीस तास उघडे, तिकीट नाही, सकाळी साडेसहाला गेलात तर वरच्या टप्प्यांवर तुम्ही आणि दोन-चार पळणारे आजोबा एवढेच. नऊनंतर मात्र प्रत्येक दरवाजात कोणीतरी पोज देऊन उभं असतं.

मग क्योटो का नाही? बस. एवढंच कारण आहे आणि ऐकायला फालतू वाटेल, पण माझ्यासाठी निकाल तिथे लागला.

झालंय असं की क्योटोत मेट्रोच्या दोनच लाइन आहेत आणि नेमकी जी नावं सगळ्यांच्या यादीत असतात, किंकाकुजी, गिंकाकुजी, कियोमिझु ही देवळं, तिथे ट्रेन दारापर्यंत जात नाही, मग सगळे बसमध्ये. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे. आता विचार करा, बस खच्चून भरलेली, तुम्ही मागे अडकलेले, तुमचा स्टॉप आला, पुढे जायला जागा नाही, "सुमिमासेन, सुमिमासेन" (माफ करा) करत लोकांच्या बॅगांवरून जायचं, पुढे ड्रायव्हरपाशी कोणीतरी २३० येनची नाणी शोधत उभं, त्याला नोटेची मोड करून घ्यायचीये आणि ते मशीन कसं चालतं ते कळत नाहीये. असं प्रत्येक स्टॉपला. नकाशावर जे अंतर वीस मिनिटांचं दिसतं त्याला कधी कधी पाऊण तास जातो, आणि त्याआधी स्टॉपवर एक-दोन भरलेल्या बस तशाच पुढे गेलेल्या असतात. मुंबईकराला गर्दीची भीती नसते हो, पण इथे कोणी ढकलत नाही, ओरडत नाही, त्यामुळे काही हलतही नाही. बाबांचे गुडघे आधीच बोलत होते, संध्याकाळी हॉटेलवर आलो तेव्हा ते म्हणाले, "आज काय बघितलं?" आणि आम्हाला सगळ्यांना बसच आठवली.

शहराला हे कळत नाही असं नाही. नुसत्या बसचा एक दिवसाचा स्वस्त पास २०२३ मध्ये विकायचा बंद केला, आता मेट्रो आणि बस मिळून असलेला घ्या म्हणतात, म्हणजे लोक थोडे जमिनीखाली जातील. २०२४ पासून शनिवार-रविवार आणि सुट्टीला पर्यटकांसाठी वेगळ्या एक्स्प्रेस बस पण सुरू केल्या, तिकीट ५०० येन. फरक पडतोय म्हणतात, पडत असेलही. गिओन या गेइशांच्या वस्तीत तर खासगी गल्ल्यांत शिरलात तर १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्यात, कारण लोक गेइकोंच्या (क्योटोत गेइशांना गेइको म्हणतात) मागे फोन घेऊन पळायचे. पाट्या बरोबरच आहेत, पण आपण संस्कृती बघायला आलोय आणि ती आपल्यापासूनच वाचवायचं चाललंय हे बघून जरा कसंतरीच होतं.

आता कानाझावा. हे माएदा सरदारांचं गाव. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, खालोखाल श्रीमंत घराणं, दहा लाख कोकु (तांदळाचं जुनं माप) उत्पन्नाची जहागीर, आणि फौजेवर फार पैसा दिसला असता तर शोगुनला संशय आला असता, म्हणून त्यांनी तो चहा, नोह हे मुखवट्यांचं जुनं नाटक, रेशीम रंगवणं, मातीची भांडी, सोन्याचा वर्ख यात घातला. कारागीर आणि गुरू क्योटोहूनही आणले. ओही नावाची चहाच्या वाट्यांची परंपरा १६६६ ला अशीच क्योटोच्या चहागुरूबरोबर इथे आली. म्हणजे कानाझावा म्हणजे "छोटं क्योटो" असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे, तिथल्या लोकांना ते फारसं आवडत नाही ते सोडा.

वर्खाचं तर मजेशीर आहे. जपानचा जवळजवळ सगळाच सोन्याचा वर्ख, ९९ टक्के म्हणतात, कानाझावात बनतो, कारण हवा दमट आहे आणि इतकं पातळ पान कोरड्या हवेत हाताळता येत नाही. क्योटोतलं ते सोन्याचं देऊळ, किंकाकुजी, जे १९५० मध्ये जळलं आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं राहिलं, त्याला १९८७ च्या दुरुस्तीत लावलेला वर्ख कानाझावाचाच. तुम्ही क्योटोत रांगेत उभं राहून लांबून जे बघता ते इथे टेबलावर बसून स्वतःच्या हाताने चॉपस्टिकवर किंवा छोट्या डबीवर चिकटवू शकता, तासाभराचा क्लास असतो. आपल्याकडे मिठाईवरचा वर्ख बघितलेल्या आईने तो पहिल्या फटक्यात नीट लावला आणि माझा चुरगळला. वर्ख लावलेलं आइस्क्रीम पण मिळतं, चव साध्या आइस्क्रीमचीच, फोटोसाठी एकदा खा.

पण मुख्य गोष्ट अशी की सगळं पायी फिरून होतं. केनरोकुएन बाग, समोर किल्ला, बाजूला २१व्या शतकाचं आर्ट म्युझियम, त्याला लागूनच नोह म्युझियम जिथे नोहचा मुखवटा आणि पोशाख घालून बघता येतो, हे सगळं एका घोळक्यात. तिथून सामुराईंची जुनी वस्ती नागामाची पंधरा मिनिटं, दुसऱ्या बाजूला चहाघरांची वस्ती हिगाशी चाया वीस मिनिटं. कंटाळा आला तर लूप बस आहे, चढायची-उतरायची पद्धत तीच, पण बसायला जागा मिळाली की पद्धतीचा त्रास होत नाही.

केनरोकुएन ही जपानच्या तीन मोठ्या बागांपैकी एक. दुसरी मितोची काइराकुएन, तिसरी ओकायामाची कोराकुएन, आणि पुणेकरांनो, सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच कोराकुएनच्या धर्तीवर केलंय, त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ते उगीच नाही. त्यामुळे तिथे फिरलेल्यांना केनरोकुएनमध्ये गेल्यावर तळं, टेकडी, वळणाची वाट हे ओळखीचं वाटेल, फक्त झाडं दोन-तीनशे वर्षांची. १ नोव्हेंबरपासून पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून वरून छत्रीच्या काड्यांसारखे दोर बांधायला घेतात, तेव्हा गेलात तर माळी शिडीवर चढून काम करताना दिसतात. बागेतल्याच शिगुरे-तेइ नावाच्या चहागृहात काहीशे येनमध्ये माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, आणि एक गोड पदार्थ मिळतो, तातामीवर (जमिनीवरच्या चटईवर) बसायचं, समोर हिरवळ. क्योटोत पण हे मिळतंच, कदाचित जास्त अस्सल, पण आम्हाला तिथे चहा पितानाही पुढच्या बसची वेळ डोक्यात असायची.

हिगाशी चाया म्हणजे १८२० मध्ये आखलेली चहाघरांची वस्ती. तिथलं शिमा नावाचं घर आतून बघता येतं, तेव्हापासूनचं तसंच आहे. दुपारी तिथेही गर्दी असते, उगाच निर्जन वगैरे सांगणार नाही, पण ग्रुप टूरवाले संध्याकाळी पाचच्या आसपास निघून जातात. आणि डी. टी. सुझुकी म्युझियम, पाश्चात्त्य जगाला झेन समजावून सांगणारे सुझुकी कानाझावाचेच, जन्म १८७०. तिथे बघायला फारसं काही नाहीच, एक उथळ पाण्याचा चौकोन आणि बसायला बाक. बाबा तिथे बसले ते उठेचनात. माझ्या हिशोबात ट्रिपमधला तोच सगळ्यात जपानी वेळ, आता हे काही मोजून सांगता येणार नाही.

कानाझावाच्या खोडी पण सांगतो. पाऊस. तिथे म्हणच आहे की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. हिवाळ्यात तर पाऊस, गारा, बर्फ, विजा सगळं एकाच दिवसात होऊ शकतं. आणि दुसरी, शाकाहारी मंडळींसाठी जास्त गंभीर, म्हणजे जेवण. गावाची शान ओमिचो मार्केट, आणि ते सगळं मासे-खेकडे-शिंपले. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला स्वर्ग, पण भाजीसुद्धा माशाच्या सुक्या तुकड्यांच्या पाण्यात शिजवलेली असते. कानाझावा करी नावाचा प्रकार बघून आनंदाने आत शिरू नका, दाट काळपट रस्सा आणि वर बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं कटलेट. क्योटोत या बाबतीत कितीतरी बरं, मठांचं शोजिन र्‍योरी म्हणजे पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं, आराशियामाच्या तेन्र्‍यूजी देवळात तर आवारातच त्याचं शिगेत्सु नावाचं रेस्टॉरंट आहे, शिवाय नान्झेनजीजवळ गरम टोफू. त्यामुळे घरात कडक शाकाहारी ज्येष्ठ असतील आणि खाकरा-मेतकूट-भडंगवर दिवस काढायची तयारी नसेल, तर क्योटोकडे झुका, मी वाईट वाटून घेणार नाही. तसंच आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि "क्योटो नाही बघितलं?" हा प्रश्न आल्यागेल्याकडून ऐकायला नको असेल तरीही.

क्योटो ठरलंच तर बस टाळून करा, जमतं. फुशिमी इनारीला जेआरने, म्हणजे जपान रेल्वेने, दोन स्टेशन, आराशियामाला जेआर, निजो किल्ला आणि नान्झेनजी मेट्रोने, सान्जुसान्गेन्दो चालत. कियोमिझुला सकाळी लवकर टॅक्सी, चौघं असाल तर महाग पडत नाही. किंकाकुजी सोडून द्या, वर्ख कुठला ते आता माहीत आहेच.

मी परत जाईन तर असं करेन: टोकियोत उतरायचं, कागायाकीने कानाझावा, राहायचं ते तिथेच, आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साईहून घेऊन वाटेत क्योटोला अर्धा-एक दिवस, तोही ट्रेनवाला क्योटो. मार्च २०२४ मध्ये शिंकानसेन त्सुरुगापर्यंत वाढली, त्यामुळे आधी कानाझावाहून क्योटोला थेट मिळणारी थंडरबर्ड ही गाडी आता त्सुरुगाला बदलून घ्यावी लागते, वरच्या मजल्यावरून खाली यायचं, मधे मिनिटं थोडीच असतात. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी कुरिअरने ओसाकाच्या हॉटेलवर पाठवून द्या, हॉटेलचं काउंटरच करून देतं. होकुरिकु आर्च पास टोकियो-कानाझावा-क्योटो-ओसाका हा सगळा रस्ता कव्हर करतो, सुट्या तिकिटांची बेरीज करून बघा आणि मग ठरवा.

वार बघून जा, आर्ट म्युझियम सोमवारी बंद आणि ओमिचोतली बरीच दुकानं बुधवारी. आणि म्योर्‍यूजी, ज्याला लोक निन्जा देऊळ म्हणतात, चोरदरवाजे आणि लपलेल्या जिन्यांवालं, तिथे आधी बुकिंग केल्याशिवाय आत घेत नाहीत. टूर जपानीत असते, पण जिना कुठे गायब होतो ते बघायला भाषा लागत नाही.