एकाच शेडमध्ये चौघं: गॉगल, मास्क, बूट आणि नऊ महिन्यांचा अनुभव

लातूरच्या एमआयडीसीत आम्ही चौघांनी मिळून एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलंय. मी शेतीची अवजारं बनवतो: तिफण, कोळपं, पेरणी यंत्र, ट्रॉलीची दुरुस्ती. माझ्या डाव्या हाताला गेट आणि ग्रिल बनवणारा भाऊ बसतो. मागच्या कोपऱ्यात मामांचं सुतारकाम आणि दाराजवळ स्प्रेनं रंग मारणारा एक पोरगा. वीज, कॉम्प्रेसर, ड्रिल मशीन आणि कटर सगळ्यांचं सामाईक.

मागच्या सप्टेंबरात मी खाली बसून टेपनं चॅनेल मोजत होतो. ग्राइंडर माझ्या हातात नव्हता, भाऊच्या हातात होता, दहा-बारा फुटांवर. डोळ्यात काहीतरी खुपलं. पाणी मारलं, दस्तीनं पुसलं आणि काम चालू ठेवलं. रात्री डोळा उघडेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब टाकले आणि सुईच्या टोकानं लोखंडाचा कण काढला. कण निघाला तरी बुबुळावर गंजाचं बारीक वर्तुळ राहिलं होतं, त्यासाठी परत जावं लागलं. तोवर मी ग्राइंडर हातात घेतला तरच गॉगल घालायचो. माझं चुकलं ते तिथं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा केली तेव्हा नवं सामान ग्राइंडरशेजारी मांडलं आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायला काढलं. तेव्हापासूनचा हा अनुभव.

आधी डोळे. मी घेतलेल्या साध्या चष्म्यावर ‘ईएन १६६’ (डोळ्यांच्या संरक्षणाचं युरोपीय मानक) आणि ‘एफ’ असं कोरलंय. एफ म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगानं येणारी छोटी पोलादी गोळी काच झेलते. ‘बी’ म्हणजे १२० मीटर, ‘ए’ म्हणजे १९०. आता हिशेब करा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो, म्हणजे १०० मिलिमीटरच्या चाकाची कड सेकंदाला ५७ मीटरच्या वर पळते, ताशी २०० किलोमीटरहून जास्त. चाक फुटलं तर तुकडा त्याच वेगानं निघतो, आणि तो झेलायला एफ पुरत नाही. म्हणून कापताना चष्मा घालून वर फेस शील्ड, दोन्ही. नुसतं शील्डही चालत नाही, कारण ठिणग्या हनुवटीखालून आत शिरतात. इतर वेळी, शेडमध्ये पाय ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत, चष्मा डोळ्यांवर.

फेस शील्डची एक गोष्ट मला मार्चमध्ये दिसली. उन्हाकडे धरून बघितलं तर पॉलिकार्बोनेटमध्ये ठिणग्या रुतून काळे खड्डे पडले होते. उजव्या बाजूला जेमतेम सहा-सात. डाव्या बाजूला मोजता येईनात इतके, कानाजवळच्या वळणापर्यंत. डावीकडे भाऊ बसतो. त्याला बोलावून दाखवलं. त्यानं शील्ड हातात घेऊन दोनदा फिरवलं आणि त्याच संध्याकाळी आपलं टेबल भिंतीकडे वळवलं. त्याला तोंडी मी दहा वेळा सांगितलं होतं.

तक्रार एकच. पहिलं शील्ड साडेतीनशेचं होतं, त्याची डोक्यामागची फिरकी दोन महिन्यांत घसरायला लागली. खाली वाकलं की शील्ड नाकावर. दुसरं सहाशेचं घेतलं, ते टिकून आहे. पैसे वाचवायचे तर इथं वाचवू नका.

उन्हाळ्यात चष्म्यावर वाफ धरते आणि घाम उतरतो. मे महिन्यात पत्र्याखाली काय हाल होतात ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. कपाळाला सुती पट्टी बांधली की निम्मा त्रास कमी होतो. काच कोरड्या दस्तीनं पुसू नका, बारीक कीस काचेवर घासला जाऊन चरे पडतात. साबणाच्या पाण्यात बुडवून धुवायची.

वेल्डिंगसाठी आपोआप काळी होणारी टोपी घेतली, दोन हजारांच्या आसपास. चार नंबरच्या हलक्या छटेतून ती आर्क, म्हणजे वेल्डिंगची झगझगीत ठिणगी, पेटताच नऊ ते तेराच्या मधल्या, आपण लावलेल्या नंबरवर जाते. अडीच मिमीच्या रॉडला मी दहा-अकरा ठेवतो. हातातली जुनी काच सुटली, दोन्ही हात मोकळे झाले, टाके सरळ पडायला लागले. पण यंत्राच्या पोटात, पाइपाच्या आडून वेल्डिंग करताना पुढचे सेन्सर झाकले जातात आणि टोपी काळी होत नाही. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. आता अशा जागी मी जुनी साधी काचच वापरतो. टोपीच्या बाहेरची पारदर्शक काच वीस-तीस रुपयांत मिळते, पाच-सहा घेऊन ठेवा. शिंतोड्यांनी ती धुरकटली की माणूस मान पुढे काढून बघतो आणि सगळा धूर नाकात जातो.

ज्याला आर्क लागलाय त्याला ती रात्र ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत काही वाटत नाही, मग मध्यरात्री डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं. आमच्याकडे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. त्यानं थंड वाटतं, एवढंच. सामाईक शेडमध्ये आर्क वेल्डरला लागत नाही, बाजूच्याला लागतो. मामांना दोनदा लागला होता, रंधा मारता मारता. त्यांना काळी काच घालून लाकूड कसं दिसणार? तिथं टोपीचा उपयोग नाही, आडोसाच लागतो. आम्ही अँगलच्या चौकटीवर जुना पत्रा ठोकून सहा फुटी पडदा केला आणि आतून रेड ऑक्साइड मारला, कारण चकचकीत पत्र्यावरून उजेड परततो. आधी फ्लेक्सचा बॅनर लावला होता, त्याला ठिणगीनं भोकं पडली. तो लावू नका, पेटतो.

आता धूर. डिसेंबरात थंडी म्हणून शटर निम्मं ओढलं होतं आणि भाऊ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपाचं गेट वेल्ड करत होता. दुपारपासून तोंडाला गोडसर चव आली. रात्री मला आणि भाऊला हुडहुडी भरून ताप. जस्ताचा मुलामा जळून जो पांढरा धूर निघतो त्याचा हा ताप, दीड-दोन दिवसांत उतरतो. मामा म्हणाले, ‘‘गूळ खा रे, धूर उतरतो.’’ मामांचा मान ठेवून खडा खाल्ला. पण गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. वेल्डिंगचा धूर कर्करोग करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ साली ठरवलंय, आणि लाकडाचा भुसा तर १९९५ पासून त्याच यादीत आहे. आता जीआय असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढतो, तेही मास्क लावून. शटर पूर्ण वर, पंखा बाजूनं, आणि तोंडाला एफएफपी-२ मास्क, जो ९४ टक्के कण अडवतो. दस्ती बांधून हे होत नाही.

मास्कची गोम म्हणजे तो चेहऱ्याला चिकटून बसायला हवा. मामांची दाढी आहे, त्यांच्या मास्कच्या कडेनं हवा आत येते. दाढी काढा असं मी वडीलधाऱ्या माणसाला म्हणालो नाही. त्यांच्या रंधा मशीनला आम्ही जुन्या व्हॅक्यूमचा पाइप जोडून दिला. भुसा निघतो तिथंच ओढला गेल्यावर शेडमधल्या सगळ्यांचाच फायदा झाला.

रंगवाल्या पोराला धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, थिनरची वाफ त्यातून सरळ जाते. त्यानं रबरी अर्धा मास्क आणि वाफेचे कार्ट्रिज घेतले. पहिली जोडी खिळ्यावर उघडी टांगली आणि पंधरा दिवसांत वास यायला लागला. कार्ट्रिज उघडं राहिलं की वापर नसतानाही हवेतली वाफ शोषत बसतं. दुसरी जोडी तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, ती कितीतरी जास्त टिकली.

हातमोज्यांबद्दल ठासून सांगतो. वेल्डिंगला चामड्याचे, कोपरापर्यंतचे, हवेतच. ड्रिल मशीनवर मात्र कोणतेच मोजे नकोत. फिरता बिट मोज्याचं टोक पकडतो आणि हात आत ओढतो. सगळ्यांनी मोजे घालायचे असा नियम मी उत्साहानं करायला निघालो होतो. मामांनीच अडवलं. ‘‘कामून हात घालवतूस? फिरत्या यंत्रापाशी उघडा हात अन् आखूड बाही.’’ त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. गळ्यातलं उपरणंही तेव्हापासून खुंटीला.

बूट तेराशेचे, आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा शिक्का, पुढची टोपी २०० जूलचा मार झेलणारी. तळव्यावर ‘एचआरओ’ लिहिलंय, म्हणजे ३०० अंशांच्या धातूवर मिनिटभर टेकवून तपासलेलं रबर. गरम तुकड्यावर पाय पडला तरी काही होत नाही. पण नाडीचे बूट घेतले ही चूक झाली. शिंतोड्यानं नाडी जळते आणि जिभेच्या फटीतून ठिणगी मोज्यात जाते. पुढच्या वेळी नाडीविना घेणार. पँट सुतीच, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

कानांचं काम सगळ्यात उशिरा केलं, त्याची हळहळ आहे. कटरजवळ मोबाइलवर १०० डेसिबलच्या आसपास आकडा दिसला. अ‍ॅप तंतोतंत नसतं, पण अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि १०० फक्त पंधरा मिनिटं. इअर मफ लावल्यावर संध्याकाळी कानात वाजणारी शिट्टी थांबली. अडचण अशी, की मागून कुणी हाक मारली तर कळत नाही आणि अचानक खांद्यावर हात पडला तर ग्राइंडर हलतो. आम्ही ठरवलं: हाक नाही, हात नाही. बोलवायचं तर त्या माणसावरचा बल्ब दोनदा बंद-चालू करायचा.

शेवटी, सामाईक सामानाचा प्रयोग. सुरुवातीला चौघांत दोन चष्मे आणि एक शील्ड सामाईक ठेवलं होतं. महिन्यात दोन्ही चष्मे चरे पडून आंधळे झाले, पट्टा घामानं वास मारायला लागला, आणि प्रत्येकाला वाटत होतं दुसरा धुईल. आता भिंतीवर चार खिळे आहेत, खाली खडूनं नावं. ज्याचं त्याचं.

मेअखेरीला पेरणीच्या घाईत शेतकरी तिफण घेऊन रांगेत उभे असतात, लेकरं सोबत. आर्क पेटला की लेकरू हमखास तिकडंच बघतं. म्हणून दाराजवळ पाचवा खिळा ठोकलाय. त्यावर आल्या-गेल्यांसाठी तीन चष्मे, एक लहान मापाचा. आर्कचा उजेड त्यानं झाकला जात नाही, म्हणून लेकराला आधी पडद्याच्या अलीकडं बसवतो, चष्मा घालतो आणि मगच रॉड टेकवतो.