आयपी फोन लावताय? हाताने सेट करायचे, डीएचसीपीवर सोडायचे की क्लाउडवरून घ्यायचे

आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारा ऑफिसचा फोन, कुठला घ्यायचा यावर लोक पंधरा दिवस घालवतात, येलिंक की ग्रँडस्ट्रीम, स्क्रीन रंगीत हवी का साधी चालेल, आणि फोन चालू झाल्यावर स्वतःचं एक्स्टेंशन नि पासवर्ड कुठून उचलणार हे मात्र माल आल्यावर, खोकी फोडताना आठवतं. माझ्या मते आधी तेच ठरवा, कारण उद्या फोन मेला तर नवीन फोन रिसेप्शनवरच्या मॅडम लावू शकतील की बाहेरून माणूस बोलवावा लागेल, हे त्यावर ठरतं.

फोनला करंट मिळाला की तो आधी नेटवर्क स्विचकडून व्हीएलॅन (एकाच केबलवरचं फोनसाठीचं वेगळं नेटवर्क) नंबर घेतो, मग डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणारी सोय, बहुतेक वेळा राउटरमध्येच असते) आयपी, मग टाइम सर्व्हरकडून वेळ, मग कुठून तरी स्वतःच्या मॅक ॲड्रेसच्या (प्रत्येक फोनचा कंपनीने दिलेला वेगळा नंबर) नावाची फाइल ओढतो आणि त्यातलं युजरनेम-पासवर्ड घेऊन पीबीएक्सकडे (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) रजिस्टर होतो, तेव्हा कुठे डायल टोन येतो. त्या फाइलचा पत्ता फोनला कोण देतं, एवढाच या तीन पद्धतींतला फरक.

हाताने करायचं म्हणजे फाइलच नाही. येलिंकवर ओके बटण दाबलं की आयपी दिसतो, तो ब्राउझरमध्ये टाकायचा, लॉगिन करायचं, अकाउंटमध्ये जाऊन एक्स्टेंशन भरायचं. ८-१० फोन असतील तर डोळे झाकून हेच करा, एका दुपारचं काम आहे, उगाच सर्व्हर उभा करत बसू नका. फक्त ॲडमिनचा पासवर्ड बदला, तो अख्ख्या जगाला माहीत असतो. पण ३०-४० फोन झाले की वाट लागते, पीबीएक्सचा आयपी बदलला म्हणजे प्रत्येक टेबलावर जाऊन परत तेच.

डीएचसीपीवाली पद्धत मला सगळ्यात आवडते आणि सगळ्यात जास्त डोकं पण तिनेच खाल्लंय. आयपी देतानाच डीएचसीपी सर्व्हर ऑप्शन ६६ मध्ये सांगतो की फाइल अमुक ठिकाणी आहे. सिस्कोचे फोन ऑप्शन १५० बघतात, त्यात एकापेक्षा जास्त सर्व्हर देता येतात. एकदा बसलं की नवीन फोन नुसता केबलला लावायचा, बास. अडचण अशी की इंटरनेटवाल्याने दिलेल्या फुकटच्या राउटरमध्ये बऱ्याचदा हा ऑप्शन भरायला जागाच नसते, मग मायक्रोटिक किंवा पीएफसेन्सवाला राउटर घ्या, आणि मायक्रोटिकमध्ये पत्ता सिंगल कोट्समध्ये टाकायला विसरलात तर तो ऑप्शन चालतच नाही.

एकदा मी दोन तास घालवले फाइलच्या नावात. येलिंक फाइल मागतो ती लहान अक्षरांत, मी स्टिकरवरून बघून कॅपिटलमध्ये नाव दिलेलं, सर्व्हर लिनक्सचा, त्याला दोन्ही वेगळे, त्यामुळे फोन बिचारा मागतोय आणि सर्व्हर म्हणतोय अशी फाइलच नाही. सिस्कोला उलट कॅपिटलच लागतं. शिवाय स्टिकरवरचा ८ आणि बी चष्मा लावून वाचा.

टीएफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची जुनी साधी पद्धत, मात्र टाळा. पोर्ट ६९, ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन, आणि फाइलचं नाव म्हणजे फोनच्या बुडाखाली छापलेला मॅक. नेटवर्कमध्ये लॅपटॉप लावणारा कुणीही ती फाइल उतरवून तुमच्या एक्स्टेंशनवरून परदेशात कॉल करत बसेल. ऑप्शन ६६ मध्ये एचटीटीपीएसचा पत्ता बहुतेक नवीन फोन घेतात, तोच द्या.

तिसरी पद्धत क्लाउडची, येलिंकचं आरपीएस, ग्रँडस्ट्रीमचं जीडीएमएस. खोक्यातून काढलेला फोन आधी कंपनीच्या सर्व्हरला स्वतःचा मॅक सांगतो आणि तो सर्व्हर त्याला तुमच्या सर्व्हरकडे पाठवतो. पुण्यात हेड ऑफिस, एक शेड चाकणला, एक माणूस नागपूरला घरून काम करतो, असं असेल तर हेच घ्या, फोन कुरिअरने पाठवा आणि कुठल्याही राउटरला लावायला सांगा. मात्र फायरवॉलमध्ये एनटीपी (टाइम सर्व्हरकडून वेळ घ्यायची पद्धत), म्हणजे यूडीपी पोर्ट १२३, अडलेला असेल तर फोनची तारीख कुठल्यातरी जुन्या सालात अडकते, त्याला सर्व्हरचं सर्टिफिकेट चुकीचं वाटतं आणि फाइल येतच नाही, तुम्ही आपले पासवर्ड तपासत बसता. जुने फोन स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेत तर अजून एक गंमत, मॅक आधीच्या मालकाच्या खात्यात अडकलेला असतो. माझ्या एका क्लायंटचे फोन फॅक्टरी रीसेट केले तरी परत त्याच जुन्या सर्व्हरकडे धाव घ्यायचे, विकणाऱ्याने मॅक सोडवून द्यायला तीन आठवडे लावले. पैसे देण्याआधीच सोडवून घ्या.

व्हीएलॅनसाठी एलएलडीपी येणारा, म्हणजे फोनला व्हीएलॅन नंबर स्वतःच सांगणारा, स्विच घ्या, वाद नको. डीएचसीपीवरून व्हीएलॅन दिला तर फोन आधी कॉम्प्युटरच्या नेटवर्कमध्ये आयपी घेतो, तो सोडतो, मग फोनच्या व्हीएलॅनमध्ये जाऊन परत घेतो, चालतं पण वेळ जातो. हाताने भरलात तर तो फोन दुसऱ्या ऑफिसात नेल्यावर ठप्प.

ॲडाप्टर की पीओई (नेटवर्क केबलमधूनच करंट) यात पीओईच, कारण एका यूपीएसवर स्विच ठेवला की लाईट गेली तरी फोन चालू. फक्त स्विचवर ८०२.३एएफ (पीओईचं स्टँडर्ड) लिहिलंय का बघा, २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई या फोनना चालत नाही. २४ पोर्टच्या स्विचला प्रत्येक पोर्टवर पूर्ण १५.४ वॉट द्यायचे तर ३७० वॉट लागतील, पण साधा फोन त्याच्या निम्मेही खात नाही, त्यामुळे कमी वॉटचा स्विच चालून जातो.

आणि व्हेंडरचं शेवटचं बिल देण्याआधी त्याच्यासमोर मेन स्विच पाडा, यूपीएससकट सगळं बंद करा आणि पाच मिनिटांनी चालू करा. फोन मिनिटाभरात उठतात, पीबीएक्सचा सर्व्हर नंतर उठतो. चांगला फोन फाइल मिळाली नाही तर जुनीच सेटिंग वापरून पीबीएक्सला परत परत विचारत राहतो, आणि कुणीही हात न लावता दहा मिनिटांत सगळे फोन रजिस्टर झाले पाहिजेत. एकजरी फोन हाताने रीस्टार्ट करावा लागला तर चेक खिशातच ठेवा.