फिजिओ, ओटी, लॅब की इमेजिंग? बारावीनंतर मुंबईत ठरवताना

मामेबहीण यंदा बारावीला आहे, पीसीबी. एमबीबीएसला लागेल एवढा स्कोर येणार नाही हे तिला आणि आम्हा सगळ्यांना कळलंय, मामी तेवढी मानत नाही. परवा तिने फोन करून विचारलं, ताई फिजिओ घेऊ का ओटी, आणि मागून मामी ओरडली की ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ना, तिथे रात्रीचं थांबावं लागेल पोरीला. ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आजारपणानंतर किंवा अपंगत्व असताना रोजची कामं करता यावीत यासाठीची थेरपी. मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नऊ वर्षं झाली आता, आणि घरात अजून ही परिस्थिती, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी फिजिओ आणि ओटी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. समजा परळच्या चाळीतले एक काका आहेत, पॅरालिसिसचा झटका आलाय, उजवी बाजू गेलीय. फिजिओ बघणार पाय उचलतोय का, तोल राहतोय का, चालताना गुडघा मागे जातोय का, मग पॅरलल बारमध्ये (धरून चालायच्या दोन समांतर दांड्या) उभं करणार, मग काठी, मग जिने. ओटी विचारणार संडास कुठाय? तर तो गॅलरीच्या टोकाला, कॉमन, इंडियन. मग तिथे धरायला काय आहे, डाव्या हाताने कडी लागते का, बादली कोण नेणार, लेंग्याची नाडी एका हाताने कशी बांधणार (यावर सरळ इलॅस्टिक लावायचं, उगाच डोकं लावत बसायचं नाही). पेशंट एकच, दोघांनाही पाठ करावी लागते तीच अॅनाटॉमी, पण प्रश्न वेगळे, आणि तुम्हाला कुठला प्रश्न आपसूक पडतो त्यावरून बरंच काही कळतं.

ओटीमध्ये हाताने वस्तू बनवायचं कामही असतं, ते कोणी सांगत नाही. स्प्लिंटसाठी, म्हणजे हात-बोटं नीट स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधारासाठी, थर्मोप्लास्टिकची शीट येते, ती गरम पाण्यात टाकली की पापडाच्या लाटीसारखी लुळी पडते, मग पेशंटच्या हातावर ठेवून आकार द्यायला जेमतेम काही मिनिटं मिळतात, गार झाली की कडक. माझा पहिला स्प्लिंट अंगठ्याला एवढा टोचत होता की पेशंटच मला म्हणाला, मॅडम राहू द्या, घाई नाही मला. शिवणकाम, क्राफ्ट आवडणाऱ्या मुलींना आणि मुलांनाही हे फार जमतं असं मी बघितलंय.

कामाच्या बाबतीत फिजिओचं पारडं जड, खोटं कशाला बोलू. ऑर्थो, आयसीयूतली चेस्ट फिजिओ, स्पोर्ट्स, होम व्हिजिट, सगळीकडे मागणी आहे आणि नाव सगळ्यांना माहीत आहे. पण तेवढेच फिजिओ दरवर्षी पास होतात, नाक्यानाक्यावर क्लिनिक, आणि होम व्हिजिटचं गणित मुंबईत ट्रेनवर चालतं, सकाळी बोरिवली दुपारी घाटकोपर केलं की पेशंटपेक्षा प्रवासच जास्त होतो. ओटीच्या सीट कमी, माणसं कमी, त्यात ऑटिझम आणि लहान मुलांच्या थेरपी सेंटर्सना ओटी लागतातच, त्यामुळे मला तरी काम शोधत फिरावं लागलं नाही, फक्त प्रत्येक लग्नात आपण काय करतो ते समजावत बसायची तयारी ठेवा. गंमत म्हणजे आशियातलं पहिलं ओटी स्कूल १९५० ला इथेच परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं आणि परळमधल्या लोकांनाच ते माहीत नाही.

फिजिओ आणि ओटी दोन्हीला इथे नीटची (NEET) प्रवेश परीक्षा लागते. केईएम, सायन, नायर तिन्हीकडे दोन्ही कोर्स आहेत, फी खाजगीच्या मानाने खूपच कमी आणि पेशंट इतके की हात बसतो. माझ्या वेळी सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं होती, आता अभ्यासक्रम बदलतायत, तेव्हा कालावधी त्या वर्षीच्या ब्रोशरमध्येच बघा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

आता लॅब आणि इमेजिंग. इथे पेशंट थोड्याच वेळासाठी तुमचा, मग पुढचा. काहींना हे कोरडं वाटतं, पण एकाच माणसाची बोटं तीन-तीन महिने जराशी हलायची वाट बघत बसणं ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी हे चांगलं आहे, त्यात कमीपणा काही नाही. लॅबमध्ये शिस्त लागते, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये सीबीसीचं (रक्तपेशी मोजायची तपासणी) रक्त घेतलं आणि नीट उलटंसुलटं करून मिक्स केलं नाही तर गुठळी होते, सँपल रिजेक्ट, पुन्हा त्याच आजीला सुई टोचायची आणि वर तिची बोलणी खायची. इमेजिंगमध्ये एक्स-रे, सीटी, एमआरआय, रेडिएशन किती लागलं ते मोजणारा टीएलडी बॅज छातीला, आणि मामी रेडिएशनला घाबरते म्हणून सांगते, कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि त्या बॅजचे रिपोर्ट नियमित येतात. नाइट शिफ्ट मात्र दोन्हीकडे असते, मामीने ओटीवर काढलेला राग खरं तर इथे काढायला हवा होता. बऱ्याच ठिकाणी नीटशिवाय प्रवेश मिळतो आणि नोकरी लवकर लागते, घरी पगाराची घाई असेल तर हे महत्त्वाचं आहे.

स्पीच थेरपी-ऑडिओलॉजीही (बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवरचं काम) डोक्यात असू द्या, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, नायरलाही कोर्स आहे. कृत्रिम हातपाय बनवण्यात रस असेल तर हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था.

कॉलेज बघायला गेलात की बिल्डिंग बघू नका, ओपीडीत रोज किती पेशंट येतात ते विचारा. माझी एक मैत्रीण चकाचक खाजगी कॉलेजात गेली, एसी लेक्चर हॉल, आणि पोस्टिंगला चार जणींमध्ये एक पेशंट, तोही बहुतेक वेळा त्यांच्याच वॉचमनची कंबर. तिला नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने खरं शिकायला गेले. आणि पहिल्या वर्षीच मैत्रिणींच्या हातावर स्नायू चाचपून बघायची सवय लावा, डायग्राम पाठ करून पेपर निघतो, पेशंटचा खांदा निघत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत मराठी-हिंदीत साध्या शब्दांत व्यायाम समजावता आला पाहिजे, "फ्लेक्शन करा" म्हटल्यावर कोणी हात वाकवत नाही.

परदेशाचं डोक्यात असेल तर अमेरिकेत आता फिजिओला डॉक्टरेट आणि ओटीला किमान मास्टर्स लागतं, म्हणजे इथली डिग्री तिथे सुरुवात आहे, खर्च त्या हिशोबाने धरा.

बहिणीला मी दोन दिवस माझ्याकडे बसवलं. पहिल्या दिवशी एका मुलाला वीस मिनिटं शर्टाचं एकच बटण लावताना बघून तिने चार वेळा फोन काढला. दुसऱ्या दिवशी तिला एका ओळखीच्या एक्स-रे डिपार्टमेंटला पाठवलं, संध्याकाळी फोन आला तर फिल्मवर फ्रॅक्चर कसं ओळखायचं हे मलाच शिकवत होती. मामी म्हणतेय अजून नीटचा रिझल्ट लागायचाय.