अमॉक्सिसिलिन की अझिथ्रोमायसिन: दोन परिचित प्रतिजैविकांची तुलना

घसा सुजला, ताप आला की ‘तीन दिवसांची गोळी’ मागण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की अझिथ्रोमायसिनपुढे अमॉक्सिसिलिन हे अनेकांना मागच्या पिढीचे औषध वाटते. मला हा समज चुकीचा आणि घातकही वाटतो.

पेनिसिलिनच्या कुळातले अमॉक्सिसिलिन १९७०च्या दशकापासून वापरात आहे. जिवाणूची पेशीभित्तिका नीट बांधली जाऊ न देणे हे त्याचे काम असून, भिंत कच्ची राहिलेला जिवाणू फुटून मरतो. घशाला सूज आणणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसवर हे कुळ आजही खात्रीने लागू पडते, तर त्याच जिवाणूचे काही प्रकार अझिथ्रोमायसिनला दाद देत नाहीत. अमॉक्सिसिलिनची अडचण एवढीच की सुमारे तासाभरात रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, त्यामुळे ते दिवसातून दोन-तीनदा आणि अशा घशासाठी सहसा १० दिवस घ्यावे लागते. काहींना जुलाबही होतात.

अझिथ्रोमायसिनचा शोध १९८० मध्ये आजच्या क्रोएशियातील झाग्रेबच्या प्लिवा या औषध कंपनीत लागला. ते जिवाणूची प्रथिननिर्मिती रोखते आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, जवळपास ६८ तासांचे असल्याने दिवसाला एक गोळी पुरते. ही सोय खरी आहे, पण गोळ्या संपल्यावरही औषध कितीतरी दिवस अपुऱ्या मात्रेत शरीरात रेंगाळते आणि त्या काळात प्रतिकारक्षम जिवाणूंना वाढायला वाव मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला जपून वापरण्याच्या गटात ठेवले आहे, हे मला अगदी योग्य वाटते. हृदयाच्या लयीचा विकार असलेल्यांनी तर ते डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊच नये.

तरीही काही ठिकाणी त्याची सर अमॉक्सिसिलिनला येत नाही. न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे तिथे अमॉक्सिसिलिन निरुपयोगी ठरते. विषमज्वरातही अझिथ्रोमायसिन मोलाचे आहे. साध्या सर्दी-पडशाच्या विषाणूंवर मात्र दोन्ही औषधांचा काडीचाही उपयोग नाही.

पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांना अझिथ्रोमायसिनचा आधार असतो, परंतु लहानपणी गोळीने पोट बिघडले एवढ्यावरूनही अनेक जण स्वतःला ॲलर्जी असल्याचे सांगतात. तेव्हा अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, श्वास लागला होता का, हे डॉक्टरांना नेमके सांगावे, कारण दोहोंपैकी कोणते औषध द्यायचे हे बऱ्याचदा त्याच उत्तरावर ठरते.